फळ्यावर आलंय

माझी धाकटी सून रोज सकाळी चहाबरोबर मोबाईल माझ्यापुढे धरते. ‘आई, हे बघा काय आलंय.’ कधी कुठल्याशा पाल्याने मधुमेह बरा झालेला असतो, कधी कुणी कुणाला शिवी दिलेली असते, कधी धडधाकट माणूस वारलेला असतो. मी चष्मा लावून वाचते आणि विचारते, ‘कुठून आलंय?’ ती म्हणते, ‘आलंय ना पण!’ मग मी चहा पिते. तिच्याशी वाद घालायला मला तोंड नाही. ‘आलंय’ या एका शब्दावर अख्खं गाव कसं हलतं ते मी चाकूरला पाहिलं आहे. ते हलवणाऱ्या माणसाच्या शेजारी उभं राहून पाहिलं आहे. त्यांचं नाव मन्मथअप्पा.

अप्पांचं वह्या-पाट्यांचं दुकान होतं, एसटी थांबते त्या रस्त्यावर. दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर गुळगुळीत गिलावा करून त्यांनी काळा रंग दिला होता. तो फळा. सकाळी अंघोळ, गळ्यातल्या लिंगाची पूजा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि मग खडू. पहिल्या गाडीने आदल्या दिवसाचा पेपर यायचा, गल्ल्यामागे रेडिओ असायचा, आणि उरलेली बातमी गाव स्वतःच्या पायाने आणून द्यायचं. फळ्यावर दहा ओळी बसत. अकरावी ओळ अप्पांनी कधी घातली नाही. म्हणत, ‘दहाच्या वर खबर झाली की माणूस बिघडतंय.’

बातमी घेऊन येणाऱ्याला ते आधी एकच विचारत, ‘बघितलं का ऐकलं?’ ऐकलं म्हणाला की म्हणायचे, ‘मंग बघून ये.’ पुष्कळ बातम्या तिथेच मरत. शहाणी माणसं त्यांना भित्री म्हणत. ‘अप्पा, तुमच्या फळ्यावर खबर शिळी असतीय,’ असं कुणी डिवचलं की म्हणत, ‘शिळी चालंल बाबा, नासकी नको.’

त्यामुळे फळ्याचं वजन भलतंच होतं. दोघांची हमरीतुमरी झाली आणि एकजण ‘फळ्यावर आलंय!’ म्हणाला की दुसरा खाली बसायचा. खंडू नावाचा एक गवंडी होता, हाताचा चांगला पण दारूचा पक्का. तो एकदा अप्पांकडे येऊन म्हणाला, ‘अप्पा, मी दारू सोडली म्हणून लिहा. बायको माझ्या शपथेवर इस्वास ठेवत न्हाई, फळ्यावर ठेवंल.’ अप्पा म्हणाले, ‘आधी सोड. आठ दिसांनी लिहितो.’ आठ दिवस खंडू रोज दुकानासमोर येऊन अप्पांना तोंडाचा वास देऊन जायचा. नवव्या दिवशी ओळ आली, ‘खंडू गवंडी यांनी दारू सोडली.’ त्यानंतर बिचाऱ्याला गावात कुणी घोटभर देईना. गुत्तेवाला म्हणायचा, ‘फळ्यावर आलंय, मी कसा देऊ?’ खंडू नंतर वैतागून अप्पांना विनवू लागला की ती ओळ मागे घ्या. अप्पा हसून हसून बेजार झाले. मीही हसले होते. लिहिलेलं खरं होऊन बसतं, यात हसण्यासारखं फक्त निम्मंच आहे हे तेव्हा मला कळलं नाही.

मी चाकूरला आले ती बहात्तरच्या दुष्काळात. नांदेडची मुलगी, एकवीस वर्षांची, नवी नवी मास्तरीण. दुकानासमोरच्या माडीवर मला खोली मिळाली. अप्पांचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. उर्दू अक्षर मोत्यासारखं, आणि मराठीत मात्र वेलांटीची धास्ती. मी शाळेला निघाले की रस्त्यातच अडवायचे, ‘बाई, दुष्काळात ष कोन्ता? पोटफोड्या का शेंडीचा?’ पन्नाशीचा माणूस पोरीसारख्या बाईला हे भर रस्त्यात विचारतो, याचं मला फार कौतुक वाटे. मी फळा तपासायला लागले. आधी वेलांट्या, मग शब्द.

शब्दांचं खूळ माझ्या घरातलं. वडील नांदेडला शिक्षक. निजामाने लहानपणी मराठी शाळा मिळू दिली नाही याचा राग त्यांनी आयुष्यभर जपला होता, आणि तो खोटा नव्हता. घरात कुणी ‘जरूर’ म्हटलं की ‘अवश्य म्हण,’ ‘हजर’ म्हटलं की ‘उपस्थित म्हण.’ आईने एकदा विचारलं, ‘मग दुकानाला काय म्हणू?’ तर चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मी त्यांचीच मुलगी. अप्पांच्या फळ्यावरचे शब्द मी एकेक करून खुडायला घेतले. इजाजतची परवानगी झाली, तबादल्याची बदली झाली. अप्पा आज्ञाधारकपणे पुसत आणि लिहीत. फक्त एकदा म्हणाले, ‘बाई, शब्द बदलला की चव बदलतीय बरं का.’ मी म्हणाले, ‘अप्पा, राज्य बदललं, चव बदलणारच.’ केवढी फुशारकी वाटली होती मला त्या उत्तराची.

आता दिगंबरचं सांगते. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडणाऱ्या मजुरांना सुकडी मिळायची, भरड पिठाचं गोडसर खाणं. ती वाटायला दिगंबर होता. तिशीचा, अबोल. सुकडीचा डाव भरला की वरून पट्टीने सपाट करायचा, कुणाला चिमूटभर जास्त नाही, कमी नाही. बाया त्याला चेंगट म्हणत. लेकुरवाळीने पदर पसरला तरी पट्टी फिरायचीच. त्याचा सरळपणाच लोकांना टोचायचा. त्या उन्हाळ्यात दिगंबर हिवतापाने पडला. कामाच्या पाहणीला येणारे साहेब एरवी काम बघून परस्पर निघून जायचे, पण त्या दिवशी आलेले एक साहेब तसे गेले नाहीत. जीप दिगंबरच्या दारात थांबवली, आत जाऊन बाजेवर टेकले, गोळ्या घेतोस का म्हणून विचारलं. साहेब गरिबाच्या घरात शिरतो, ही त्या दिवसांत नवलाची गोष्ट होती.

अप्पा त्या वेळी तिथे होते. डोळ्यांनी बघितलेली बातमी. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बघून म्हणाले, ‘बाई, आज लई गोड खबर हाय.’ फळ्यावर पहिलीच ओळ होती, ‘साहेबांनी सुकडीवाले दिगंबर यांच्या घरी जाऊन त्यांची खैरियत पुसली.’

मला ‘खैरियत’ खटकली. मी म्हणाले, ‘अप्पा, चौकशी केली असं लिहा.’ प्रकृतीची चौकशी, असंही मनात आलं होतं. पण ओळीत बसेना, आणि मला शाळेला उशीर होत होता. ‘त्यांची’सुद्धा जास्तीचं म्हणून मीच काढलं. अप्पांनी पुसून लिहिलं, ‘साहेबांनी सुकडीवाले दिगंबर यांच्या घरी जाऊन चौकशी केली.’ शेवटी विचारलं, ‘शी दीर्घ ना?’ मी म्हणाले, ‘हो, दीर्घ. आता बरोबर.’

मराठी बाईने मराठी शब्द दिला आणि त्याचे दोन अर्थ होतात हे तिलाच सुचलं नाही.

दुपारपर्यंत ओळ तलावावर पोहोचली. वाचता येणारे चार, ऐकणारे चारशे. साहेब घरी कशाला जाईल? चौकशी कशाची? सुकडीची. आपली सुकडी कमी कामून भरत होती? पट्टी कामून फिरवत होता? संध्याकाळपर्यंत दिगंबरच्या घरात सुकडीची तीन पोती सापडली होती. रात्री जेवणाच्या वेळी ती पाच झाली. आठवड्याने दिगंबर उठून कामावर गेला, तर एकाही बाईने त्याच्यापुढे भांडं धरलं नाही. सगळ्या त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. उपाशी माणसं, पण त्याच्या हातचं घेईनात. त्याच्या बायकोला टँकरच्या रांगेतून बाहेर काढलं. म्हाताऱ्या आईला देवळाच्या पायरीवर कुणीतरी विचारलं, ‘सुकडीचे लाडू केले का?’

अप्पांनी ऐकलं आणि ते खडू घेऊन धावले. पाण्याचा तुटवडा होता, फळा ओल्या फडक्याने पुसणं त्यांनी बंद केलं होतं. कोरड्या फडक्याने जुनी ओळ पुसट होऊन तिथेच राहिली, तिच्यावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘दिगंबर निर्दोष आहे.’ या खेपेला मला विचारायला थांबले नाहीत. लोकांनी दोन्ही ओळी वाचल्या. हॉटेलात एकजण म्हणाला, ‘निर्दोष म्हंजे केस झालीच की!’ दुसरा म्हणाला, ‘अप्पांवर दाब आला दिसतोय.’ तिसऱ्या दिवशी अप्पांनी अख्ख्या फळ्यावर झाली ती हकिकत लिहिली, हिवतापापासून गोळ्यांपर्यंत. एवढं लांब कुणी वाचलं नाही. ज्यांनी वाचलं त्यांना वाटलं, एवढं लांब लिहावं लागतंय म्हणजे पाणी मुरतंय. अप्पा त्या साहेबांना गाठायला गेले, तर त्यांची बदली झालेली.

त्या संध्याकाळी मी दुकानात गेले. म्हणाले, ‘अप्पा, शब्द माझा होता. मी गावाला सांगते.’

ते दौती पुसत होते. मान वर न करता म्हणाले, ‘फळा कुणाचा हाय? माझा. अक्षर कुणाचं? माझं. तुमची नोकरी नवी हाय बाई, गावात एकट्या ऱ्हाता. लोकास्नी एक तोंड मिळालंय ते बास हाय.’

‘पण दिगंबर...’

‘दिगंबरचं मी बघतो.’

मी माडीवर परत आले. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. रात्री भाकरी गोड लागली. त्या भाकरीची लाज मला अजून वाटते.

पावसाळ्याच्या तोंडाशी दिगंबर बायको-पोरं आणि आईला घेऊन लोह्याला सासुरवाडीत निघून गेला. अप्पा एसटीपर्यंत त्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन गेले. लोकांनी त्याचाही अर्थ लावला, की अप्पांचाही त्यात वाटा असेल.

नंतर अप्पांच्या फळ्यावर माणसाचं नाव आलं नाही. एसटीची वेळ, बाजाराचा भाव, पाऊस किती पडला, पोलिओचा डोस कधी. गावाला हे अळणी लागू लागलं. समोरच्या कोपऱ्यावर तरुण पोरांच्या एका मंडळाने नवा लाकडी फळा लावला. रंगीत खडू, कडेने वेलबुट्टी, वर झेंडा. एकजण चित्रंही झकास काढायचा. तिथे रोज कुणाचा तरी ‘जाहीर निषेध’ असायचा आणि कुणीतरी ‘गद्दार’ असायचं. गर्दी तिकडे वळली. अप्पा दुकानात बसून त्या गर्दीची पाठ बघायचे. मला एकदा म्हणाले, ‘पोराचा हात लई चांगला हाय हो. तेच भेव वाटतंय.’

त्या दुष्काळानंतर दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादचे हेलपाटे सुटणार म्हणून गाव नुसतं फुललं होतं. मंडळाच्या फळ्यावर गुलाबी खडूत नकाशा आला, फटाके फुटले, गुलाल उडाला. अप्पांचा फळा कोरा. लोक खवळले. ‘अप्पा, आपल्या जिल्ह्याची खबर न्हाई? तुमी काय अजून उस्मानाबादचेच का?’ अप्पा म्हणाले, ‘सरकारी कागद बगू द्या.’ पोरांनी त्यांना गुलालाने माखवून टाकलं. ते हसत होते, पण लिहिलं नाही. कागद हाती पडला तेव्हा चार दिवस झाले होते. अप्पांनी ओळ लिहिली. वाचायला मी एकटी उभी होते.

त्याच साली माझी लोह्याला बदली झाली. लग्न होऊन सहा वर्षं नवरा तिथल्या शाळेत आणि मी चाकूरला, असा आमचा संसार होता. लोह्यात पहिल्याच आठवड्यात ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेले, तर पट्ट्यापाशी पिठाने पांढराफटक झालेला दिगंबर. ओळखून हसला. ‘बाई! तुमी हिकडं?’ गिरणी आता त्याची स्वतःची होती. मोठी मुलगी लग्नाला आली होती. त्याच्या हसण्यात माझ्याविषयी काही नव्हतं. तो शब्द माझा होता हे त्याला ठाऊकच नव्हतं.

वर्षभरात अप्पांनी दुकान मुलाकडे दिलं आणि एके दिवशी लोह्याच्या बाजाराला ते मला गिरणीच्या बाकावर बसलेले दिसले. लातूर-नांदेड गाडीने आले होते. मला वाटलं, भेटायला आले. पुढच्या बाजारीही आले. मग दर बाजारी. धोतर स्वच्छ, विभूती ताजी, हातात काही नाही. ते बाकावर बसत आणि दळण घेऊन आलेल्या प्रत्येकाला सांगत, ‘ह्यो मानूस सोन्यासारखा हाय. ह्येनं सुकडी चोरली न्हाई. चूक माझ्या फळ्याची हाय.’

एक म्हातारी माझ्यादेखत म्हणाली, ‘कोन्ती सुकडी?’

मग अप्पा पहिल्यापासून सांगत. फळ्यावर जी हकिकत कुणी वाचली नव्हती ती ते एकेकाला तोंडाने ऐकवत होते. माणसं ऐकून घेत, मान हलवत, दिगंबरकडे एकदा नीट बघत आणि जात.

चौथ्या की पाचव्या बाजारानंतर दिगंबर माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तर उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणाला, ‘बाई, अप्पास्नी तुमीच सांगा. मला तोंड व्हईना. माझं गाठोडं डोक्यावर घेतलेलं मानूस हाय ते. पर हितं कुणालाच काही ठाऊक न्हवतं हो! धा वर्सं मी सुखानं दळून ऱ्हायलो. आता बाया पीठ घरी नेऊन तोलून बघून ऱ्हायल्यात. पोरीला बघायला येणारे पाव्हणे काल आलेच न्हाईत.’

त्याने डोळे पुसले. पिठाने पांढरी बाही ओली झाली.

पुढच्या बाजारी मी अप्पांना गिरणीत जाऊ दिलं नाही. स्टँडवरच गाठलं आणि बाकड्यावर बसवून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.  मग म्हणाले, ‘लिहिलं तर वाढलं. पुसलं तर वाढलं. आता सांगून ऱ्हायलो तरी वाढून ऱ्हायलं. मंग मी काय करू, बाई?’

उत्तर माझ्याजवळ होतं. मी आत्ता दिगंबरकडे जाते आणि चूक तुमची नव्हती, शब्द माझा होता, असं त्याला सांगते, एवढंच म्हणायचं होतं. दिगंबरचं गेलेलं परत आलं नसतं, पण या म्हाताऱ्याच्या छातीवरचा अर्धा दगड उतरला असता. माझी नोकरी आता जुनी होती. गावात मी एकटी नव्हते. अप्पांनी दिलेल्या कारणांतलं एकही उरलं नव्हतं.

मी म्हणाले, ‘आता जाऊ द्या, अप्पा.’

ते मान डोलावून ‘हाव’ म्हणाले.

त्यानंतर ते लोह्याला आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गेले, ते मला महिन्याने कळलं. दिगंबरच्या मुलीचं लग्न दोन वर्षं लांबलं, पण झालं. मी वीस वर्षं त्याच्याच गिरणीत दळलं. मी अप्पांना थांबवलं म्हणून तो माझा डबा रांग मोडून आधी घ्यायचा. मी नको नको म्हणायचे आणि घेऊ द्यायचे. आता तोही नाही. म्हणजे मी हे लिहिते आहे ते कुणाच्याच उपयोगाचं नाही.

मी ‘जाऊ द्या’ म्हणाले त्या दिवशी, लातूरला जाणारी गाडी लागली तेव्हा मी अप्पांना हात धरून चढवलं. खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारी एक फेटेवाला बसला, बाजार आटोपून आलेला, गप्पिष्ट दिसत होता. त्याने तंबाखू मळता मळता अप्पांना काहीतरी विचारलं. कुठले, कशाला आला होता, असंच असेल. अप्पा सवयीने त्याच्याकडे वळले, सांगायला तोंड उघडलं, आणि त्यांना खिडकीखाली उभी असलेली मी दिसले. त्यांनी तोंड मिटलं. फेटेवाल्याने पुन्हा विचारलं. अप्पांनी मान हलवली आणि पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून सरळ समोर बघत बसले. गाडी हलली तेव्हा फेटेवाला माझ्याकडे बघून हाताने खूण करत होता, म्हातारं मुकं आहे का म्हणून विचारत होता.